आग्नेय आशियाचा पेपर घेतलाय, सुरुवात कुठून करू?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी, बीएच्या पहिल्या वर्षाला आग्नेय आशियाचा इतिहास आणि समाज असा तोंडओळखीचा पेपर घेतलाय. मेन विषय अर्थशास्त्र, इतिहास शाळेत सुटला तो सुटलाच. सिलॅबस बघून गरगरलं, अंगकोर (कंबोडियातली जुनी राजधानी) पासून आसियान (या देशांची आजची संघटना) पर्यंत सगळं एकाच सेमिस्टरला, 11 देश, आणि शेवटी एक मोठा निबंध. देशवार नोट्स काढायला घेऊ का? आधी काय वाचू? विकिपीडिया वाच असं प्लीज नका सांगू, ते चालूच आहे.

जुना_नकाशा
देशवार नोट्स अजिबात नको. आजच्या बऱ्याचशा सीमा वसाहतवाल्यांनी आखल्यात. मलाक्काच्या सामुद्रधुनीचंच बघ, दोन्ही काठांवर मलय बोलणारी माणसं, नातीगोती, व्यापार सगळं एकत्र, आणि 1824 ला ब्रिटिश आणि डचांनी तह करून मधून रेघ मारली, ती आज मलेशिया-इंडोनेशियाची हद्द. ही रेघ डोक्यात ठेवून 15 वं शतक वाचलंस तर काहीच कळणार नाही.

पहिला आठवडा फक्त नकाशा आणि मान्सून. वारे अर्धं वर्ष एका दिशेने आणि अर्धं वर्ष उलटे, त्यामुळे गुजरातहून नाहीतर चीनहून आलेला व्यापारी वारा फिरेपर्यंत बंदरातच अडकायचा, मग तिथेच घर करायचा, लग्न करायचा, मशीद नाहीतर देऊळ बांधायचा. इस्लामसुद्धा या भागात बराचसा असाच बंदराबंदरातून पसरला. हे एकदा बसलं की श्रीविजय (सुमात्रातलं जुनं सागरी राज्य) काय, मलाक्का (सामुद्रधुनीवरचं बंदर) काय, पोर्तुगीजांनी 1511 ला नेमकं तेच बंदर का धरलं, सगळं आपोआप लागतं. मग बांदा बेटं (आजच्या इंडोनेशियातली) वाच. जायफळ तेव्हा फक्त तिथेच व्हायचं, त्या मक्तेदारीसाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने 1621 मध्ये तिथली बहुतेक वस्ती मारून, हाकलून नाहीतर गुलाम करून संपवली आणि बागा गुलामांकडून चालवल्या. कंपनी म्हणजे काय चीज होती हे तुला अर्थशास्त्राच्या वर्गात कोणी असं सांगणार नाही.

भरतीओहोटी
नकाशाचं पटलं, पण एवढं मागून सुरू केलं तर अर्धी पोरं मजापहित (इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं जुनं राज्य) पर्यंतच दमतात. मी म्हणेन 1942 पासून सुरू कर आणि उलटं मागे जा. फेब्रुवारीत ब्रिटिशांचं सिंगापूर जपानने घेतलं आणि गोऱ्यांना कोणी हरवू शकत नाही हा समज गेला. ऑगस्ट 45 मध्ये सुकार्नो आणि हट्टा या नेत्यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं, डचांना ते मान्य करायला डिसेंबर 49 उजाडलं, मधे लढाई. आता प्रश्न पडतो की एवढी बेटं, एवढ्या भाषा, हे लोक स्वतःला एक देश का म्हणायला लागले? तो प्रश्न घेऊन मागे गेलीस की वाचायला मजा येते.

पाऊसवेडी
दोन्ही भारी! अजून एक, बोरोबुदूर (जावातला बौद्ध स्तूप), अंगकोर, रामायण, सगळं भारतातूनच गेलं अशा लाइनवर निबंध केला तर चालेल ना, मटेरियल भरपूर मिळतंय.

जुना_नकाशा
मटेरियल मिळतंय कारण ते जुनं आहे 😄 एकेकाळी अभ्यासक तसंच मांडायचे. आता विचारतात की तिथल्या राजांनी काय उचललं आणि काय सोडलं. शिव घेतला, संस्कृत घेतली, ब्राह्मण दरबारात ठेवले, पण जातिव्यवस्था आपल्यासारखी रुजली नाही. झोऊ दागुआन नावाचा चिनी माणूस 1296 ला वकिलातीबरोबर अंगकोरला गेला आणि जवळजवळ वर्षभर राहिला, त्याने लिहून ठेवलंय की इथे बाजारातला सगळा व्यवहार बायका करतात आणि नवा आलेला चिनी आधी बायको करतो कारण धंद्यात तिचा उपयोग. त्याचं वर्णन छोटंसं आहे, भाषांतर मिळतं, एका बैठकीत होतं, पाठ्यपुस्तकाच्या आधी ते वाच. आणि व्हिएतनाम विसरू नको, तिथे हजारेक वर्षं चीनचं राज्य होतं, भारतवाली लाइन तिथे उत्तरेत लागूच पडत नाही.

भरतीओहोटी
+1. तू अर्थशास्त्रवाली आहेस तर निबंध जावावर कर ना. 1830 पासून डच सरकारने तिथे सक्तीची पिकं लावली, कागदावर गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा निर्यातीच्या पिकाला, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जास्त. पैसा हॉलंडच्या तिजोरीत, आणि 1840 च्या दशकाच्या शेवटी मध्य जावात दुष्काळ. इतिहास आणि समाज दोन्ही येतं, आकडेही मिळतात. फक्त एकाच भागावर लिहिलेलं चालतं का ते आधी शिकवणाऱ्यांना विचारून घे.

पाऊसवेडी
विचारलं, चालतं म्हणाल्या! साखर घेऊ की कॉफी?

भरतीओहोटी
नफा कॉफीत जास्त होता पण तू साखर घे. ऊस भाताच्याच ओलिताच्या शेतात आलटूनपालटून लावायचे, त्यामुळे जमीन, पाणी, मजूर तिन्हींवरून ओढाताण. त्याने गावं गरीब झाली की कारखान्यांमुळे गावात पैसा खेळायला लागला यावर अभ्यासकांचं अजून वाजतंय. दोन्ही बाजूंचा एकेक लेख काढ आणि मग तुझं मत लिही.