पाटीलकाकांची सहा तासांची अमेरिका
(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा; कंसात फ्लॅट नंबर)

पाटीलकाका (२०१): मंडळी, पोरानं तिकिटं पाठवली. १२ जूनला रात्री १ वाजता मुंबईतनं उडायचं, १२ लाच सकाळी ७ ला न्यूयॉर्क. सहा तास! आपली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईला जायला ह्यापेक्षा जास्त घेती.

अभिजित (४०२): काका, ७ तिकडचे 😄 तेव्हा आपल्याकडं दुपारचे साडेचार. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे विमानात साडेपंधरा तास.

पाटीलकाका: आणि परतीचं? तिकडनं सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई. ते तर जवळजवळ अख्खा दिवस दाखवतंय.

अभिजित: ते १४ च तास. येताना वारं पाठीवर असतंय.

कुलकर्णी सर (१०३): बरोबर. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो तोंडावर येतो. अंतर साधारण साडेबारा हजार किमी, पण तेही भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा, तो सरळ पश्चिमेला न जाता वर रशियाच्या अंगानं उत्तर ध्रुवाकडं सरकतो. तीच जवळची वाट. विमानं मात्र दरवेळी तिनं जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा कितीतरी विमानांना वळसा पडला.

स्नेहावहिनी (३०४): सर, आमच्यात गोल नाही, मी कलिंगडावर दोरा धरून बघितला. पटलं 😂

सुमनकाकू (२०१): कांदा-लसूण चटणी नेऊ देतात का ते सांगा आधी.

स्नेहावहिनी: मोठ्या बॅगेत टाका काकू, दोन पिशव्यांत बांधून. नाहीतर साड्यांना तांबडा रस्सा.

अभिजित: काका, खरं गणित रस्त्याचं हाय. मुंबई ३८० किमीच्या आसपास, पण हायवेची कामं आणि मुंबईतली गर्दी धरून नऊ-दहा तास सोडा. विमानतळावर तीन तास आधी. सकाळी १० ला निघालात तर विमान उडेपर्यंतच १५ तास जातील. अर्धा प्रवास जमिनीवरच!

पाटीलकाका: मग १२ ला सकाळी १० ला निघतो.

अभिजित: काका... १२ ला रात्री १ म्हणजे ११ तारखेची रात्र. ११ ला सकाळी निघायचं. १२ ला सकाळी विमान कुठल्याकुठं गेलेलं असणार.

कुलकर्णी सर: अभिजित बरोबर म्हणतोय. मध्यरात्र उलटली की तारीख बदलते. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

सुमनकाकू: अहो, ड्रायव्हरला १२ च सांगितलंय तुम्ही! सोनाराकडनं बांगड्यासुद्धा ११ ला संध्याकाळी मिळणार हायत.

पाटीलकाका: लावतोय फोन. बांगड्यांचं तू बघ.