उबुंटू सुरू होत नाही, वडिलांच्या फायली सुरक्षित कशा काढाव्यात? (कोल्हापूर)

मंगळवारपेठ

नमस्कार. माझे वडील गेली नऊ वर्षे कोल्हापुरातल्या तालमींची माहिती जमवत आहेत. जुन्या वस्तादांच्या घरी बसून केलेली ध्वनिमुद्रणे, छायाचित्रांच्या प्रती आणि त्यांची टिपणे असा सुमारे १८० जीबी ऐवज घरच्या संगणकावर आहे. त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. त्यांतले तीन वस्ताद आता हयात नाहीत, त्यामुळे ती मुद्रणे पुन्हा होणे नाही. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती, ही चूक आमचीच आहे.

मंगळवारी संध्याकाळी वळीव झाला आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने अपडेट चालू असतानाच संगणक बंद पडला. आता काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ (सिस्टीम सुरू होण्याआधीचा टप्पा) असे येऊन थांबते आणि एफएससीके ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा स्वतः चालवावी, अशी सूचना दिसते. डिस्क १ टीबीची साधी हार्ड डिस्क असून सात वर्षे जुनी आहे. दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून नवीन सिस्टीम टाकतो, डेटाची खात्री नाही’ असे सांगितल्यावर मी संगणक परत घेऊन आले. ती आज्ञा चालवावी का? आणि कोणाकडे न्यायचा झाल्यास काय पाहून न्यावा?

पंचगंगाकाठ

ताई, संगणक परत आणलात हे फार चांगले केलेत. सिस्टीम तासाभरात नव्याने टाकता येते, मुद्रणे येत नाहीत, म्हणून दुरुस्तीचा विचार फायली बाहेर आल्यावरच करावा.

ती आज्ञा आज चालवू नका. एफएससीकेचे काम फाइल सिस्टीमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदींचा, हिशोब जुळवणे हे आहे, तुमची फाइल वाचवणे हे नव्हे, आणि तो हिशोब जुळवताना ते डिस्कवर लिहिते. बिघाड केवळ वीज गेल्यामुळे असेल तर बहुधा काही बिघडत नाही, परंतु डिस्कच झिजत आलेली असेल तर वाचता न आलेल्या भागाविषयी चुकीचा निष्कर्ष काढून ते चांगल्या नोंदीही पुसू शकते.

तेव्हा आधी डिस्कची प्रकृती पाहा. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू घ्या, त्यावरून संगणक सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ नव्हे तर वापरून पाहण्याचा पर्याय निवडा. तेथे ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट’, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची, माहिती दिसते. तीत ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ (म्हणजे अनुक्रमे वाचता न येणारे आणि खराब म्हणून बदललेले डिस्कचे छोटे भाग) यांपुढचे आकडे येथे कळवा. फाइल मॅनेजरमध्ये जुन्या डिस्कवर क्लिक करू नका, कारण त्याने ती लिहिण्यासाठीही जोडली जाते.

शाहूपुरीकर

माझ्याकडे वीज जाऊन दोनदा हेच झाले होते आणि दोन्ही वेळा एफएससीके चालवून पाच मिनिटांत काम झाले. इतके घाबरण्याचे कारण नसावे. मात्र उबुंटू टाकताना डिस्क एन्क्रिप्ट (पासफ्रेजने कुलूपबंद) केली होती का, हे वडिलांना विचारून ठेवा. केली असल्यास पासफ्रेजशिवाय कोणालाही काही काढता येणार नाही.

पंचगंगाकाठ

आपला अनुभव खरा आहे, पण तेव्हा डिस्क धडधाकट होती. येथे तीच शंका आहे आणि प्रत एकच आहे.

मंगळवारपेठ

एन्क्रिप्शन नाही. पेंडिंग ४८ आणि रिअ‍ॅलोकेटेड १६ दिसतात. आवाज नेहमीसारखाच आहे.

पंचगंगाकाठ

४८ म्हणजे तेवढे सेक्टर डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत. पेंडिंग शून्य असते तर ‘आरओ’ (फक्त वाचणे) आणि ‘नोलोड’ (जर्नल न वापरणे) हे दोन्ही पर्याय देऊन डिस्क जोडा आणि होम फोल्डर उतरवून घ्या, इतकेच सांगितले असते. (नुसते ‘आरओ’ पुरत नाही, कारण ईएक्सटी४ ही उबुंटूची फाइल सिस्टीम तरीही जर्नल या आपल्या नोंदवहीतली अपुरी कामे पुरी करण्यासाठी डिस्कवर लिहिते.) आता मात्र आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, घ्यावी लागेल.

त्यासाठी २ टीबीची नवी बाह्य डिस्क घ्या आणि ती ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्हवरील उबुंटूत जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज टाका, त्यातून डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम मिळतो. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि खराब जागा शेवटी ठेवते, म्हणून पहिल्या फेरीला ‘एन’ आणि नंतरच्या फेरीला ‘आर३’ (खराब जागा आणखी तीनदा वाचून पाहणे) हा पर्याय द्या. कुठवर वाचून झाले याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी काम तेथूनच पुढे सुरू करता येते. मात्र ती मॅपफाइल बाह्य डिस्कवरच ठेवा, कारण पेनड्राइव्हवरील उबुंटूचे सारे मेमरीत असते आणि संगणक बंद होताच जाते. ज्यावरून वाचायचे ती डिस्क आधी आणि जिच्यात लिहायचे ती फाइल नंतर, हा क्रम आज्ञा देण्यापूर्वी मोठ्याने वाचून पाहा. येथे उलटापालट झाली तर सगळेच जाईल.

काम चालू असताना टकटक असा आवाज येऊ लागला तर त्याच क्षणी डिस्क बंद करा आणि पुण्या-मुंबईच्या, क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कोणाकडे नेणार असाल तर ‘आधी प्रतिमा घेता का?’ एवढेच विचारा. ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे डिस्क ठेवू नका.

प्रतिमा तयार झाली की एफएससीके त्या प्रतिमेवर चालवा, मूळ डिस्कवर नव्हे.

मंगळवारपेठ

आपले मनापासून आभार. शेजारच्या काकांचा इन्व्हर्टर आणून दोन रात्री काम चालवले. पहिल्या फेरीला अकरा तास लागले. शेवटी केवळ १२ केबी भाग वाचता आला नाही. प्रतिमेवर एफएससीके चालवल्यानंतर फोल्डर जवळजवळ जसेच्या तसे मिळाले. दोन मुद्रणे मध्येच तुटतात, बाकीची पूर्ण ऐकू येतात.

शाहूपुरीकर

प्रतिमेवर आधी काम करण्याचा मार्गच योग्य होता, हे मान्य करतो. फायली उतरवताना लपलेली फोल्डरेही घ्या. २२.०४पासून उबुंटूतील फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पॅकेजच्या स्वरूपात येतो, त्यामुळे त्याचे बुकमार्क आणि पासवर्ड होममधील ‘स्नॅप’ फोल्डरात असतात. वडिलांनी मराठी फाँट स्वतः टाकले असतील तर तेही ‘डॉट लोकल’ या लपलेल्या फोल्डरात पाहा, नाहीतर टिपणे उघडतील पण कदाचित वाचता येणार नाहीत.

मंगळवारपेठ

फाँट तेथेच मिळाले. एक प्रत आता इचलकरंजीला मावशीकडे ठेवली आहे. ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये, म्हणजे एफएससीके बेवारस सापडलेल्या फायली ठेवते त्या फोल्डरात, सात मुद्रणे नाव जाऊन नुसत्या आकड्यांनी आली आहेत. सकाळपासून बाबा ती एकेक ऐकत, आवाजावरून वस्ताद ओळखून, वहीत नावे लिहीत आहेत. पाच ओळखून झाली.