परसातला गोफर: विष नको, सापळा लावा

कढीलिंब (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

आमच्या टाउनहोम वसाहतीच्या एचओएचं (घरमालकांच्या संघटनेचं) पत्र आलंय. सामाईक हिरवळीवर आणि घरांमागच्या पट्ट्यांत गोफरचा (जमिनीखाली बोगदे करून मुळं कुरतडणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्याचा) उपद्रव वाढलाय, म्हणून वर्षभराचं कंत्राट देऊन सगळीकडे जमिनीखाली विषारी आमिष टाकायचं, असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. मी विरोधात मत देणार. का ते इथे सविस्तर लिहिते, कारण या भागात अंगण असलेल्या प्रत्येकाकडे हा प्रश्न आज ना उद्या येतोच.

आधी एक स्पष्ट करते. गोफर मारूच नये असं माझं म्हणणं नाही. त्याने काय नुकसान होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या पेरूची पानं मलूल दिसायला लागली, पाणी कमी पडतंय असं वाटून ठिबकची वेळ वाढवली. एके दिवशी खोडाला हात लावला तर झाड अलगद हातात आलं. जमिनीखाली साल गोलाकार कुरतडलेली, मुळांच्या जागी टोक काढल्यासारखा बुंधा, आणि लाकडावर दातांचे बारीक समांतर ओरखडे. हळद आणि अळूचे कंद तर तो खालून आख्खे ओढून नेतो, वर नुसता खड्डा उरतो.

तरीही विष नको. कारण गोफर एकलकोंडा प्राणी आहे. विणीचा काळ आणि पिल्लांचे दिवस सोडले तर एका बिळात एकच असतो. एकच गोफर दिवसाला मातीचे अनेक ढीग काढतो, त्यामुळे हिरवळीवर पंधरा-वीस ढीग दिसले की लोकांना वाटतं फौज आली. प्रत्यक्षात ते दोन-तीन प्राण्यांचं काम असू शकतं. दोन-तीन प्राण्यांसाठी वर्षभर सगळ्या जमिनीत विष पेरायचं, हे मला पटत नाही.

सापळा नेमका त्या एका बिळावर लागतो. ताजा, ओलसर मातीचा ढीग शोधा. गोफरचा ढीग अर्धगोल असतो आणि बुजवलेलं तोंड एका कडेला असतं. त्या कडेच्या बाजूला, ढिगापासून साधारण आठ ते बारा इंचांवर लोखंडी सळई टोचत जा. सहा ते बारा इंच खोलीवर सळई एकदम दोनेक इंच खाली घसरते. तो मुख्य बोगदा. तिथे खणून दोन्ही दिशांना तोंड करून एकेक सापळा आत सरकवायचा, दोन्ही तारेने खुंटीला बांधायचे. मॅकबीचा तारेचा सापळा इथलाच, लॉस गॅटोसचा, १९०० सालचा, आणि आजही चालतो. दोन दिवसांत काही लागलं नाही तर जागा बदला.

विरोधी मतं जरूर मांडा. बैठकीत तेच प्रश्न येणार आहेत.

टेकडीवरचा (सॅन रॅमॉन)

कढीलिंब, तुमच्या पोस्टमधला बोगदा शोधायचा भाग उत्तम आहे, पण वसाहतीसाठी तो गैरलागू आहे. मी आमच्या एचओएच्या लँडस्केप समितीवर बरीच वर्षं आहे. आमची मागची जमीन उताराची, पलीकडे मोकळी टेकडी. एक गोफर काढला की त्याच रिकाम्या बिळात टेकडीवरचा दुसरा येतो. पाणी मिळणाऱ्या जमिनीत त्यांना वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं होतात, एका खेपेला पाच-सहा. सापळ्यांची फेरी कोण मारणार? इथे निम्मी घरं साठीच्या पुढच्यांची आहेत. गुडघे टेकून खणा, सळई टोचा, मेलेला प्राणी काढा, हे आमच्याकडून होत नाही.

दुसरं असं की विष या एका शब्दाखाली तुम्ही सगळी रसायनं एकत्र करताय. घुबडं आणि पहाडी सिंह ज्यामुळे मरतात ती रक्त गोठू न देणारी विषं. त्यांतली दुसऱ्या पिढीची (नंतर आलेली, जास्त जहाल) कॅलिफोर्नियात २०२१ पासून जवळजवळ बंद आहेत, डायफॅसिनोनवर २०२४ पासून बंधन आलं आणि क्लोरोफॅसिनोन, वॉरफरिनवर २०२५ पासून. परवानाधारक माणूस आज गोफरसाठी झिंक फॉस्फाइड वापरतो तेव्हा ते शरीरात साठून राहत नाही. मेलेला गोफर खाणाऱ्या पक्ष्याला त्याचा धोका त्या जुन्या विषांपेक्षा खूप कमी. शिवाय ते बोगद्यात टाकून तोंड बुजवतात. आमच्या समितीसमोरही असाच ठराव आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे.

शेवंती (डेव्हिस)

दोघांशीही असहमत. मारायचंच कशाला, हा प्रश्न कुणी विचारतच नाहीये.

झाड लावतानाच खड्ड्यात पाऊण इंची जाळीची टोपली बसवा, काठ जमिनीच्या थोडा वर ठेवा. वाफे करायचे तर उंच करा आणि तळाला अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी अंथरा. माझे मेथी, कोथिंबीर, रताळी, मुळे सगळे अशा वाफ्यांत आहेत. आजूबाजूच्या मातीत गोफर आहे, त्याचे ढीगही दिसतात, आणि माझं काही बिघडत नाही.

गोफर निरुपयोगी नाही. १९८० साली वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटला, सगळा परिसर राखेने आणि प्युमिसच्या (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी) दगडांनी झाकला गेला. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या काही तुकड्यांवर फक्त एका दिवसासाठी गोफर सोडले. त्यांनी खालची जुनी माती वर काढली, तिच्याबरोबर जिवाणू आणि बुरशी वर आल्या. सहा वर्षांनी त्या तुकड्यांवर चाळीस हजार वनस्पती होत्या आणि आजूबाजूची जमीन अजून बरीचशी उजाडच होती. त्या बुरशीचा परिणाम चार दशकांनीही दिसतो, असा अभ्यास २०२४ मध्ये आला. अशा प्राण्याला केवळ गालिच्यासारखी सपाट हिरवळ हवी म्हणून मारायचं, हे मला मान्य नाही. हिरवळच काढा. दुष्काळी राज्यात ती हवी कशाला?

कढीलिंब

@शेवंती, नव्या झाडांना टोपली हवीच, मीही लावते. पण आठ-दहा वर्षांच्या लिंबाला आणि अंजिराला आता टोपली कशी घालणार? मुळं तोडावी लागतील. पातळ तार काही वर्षांत गंजते तेही आहेच. माउंट सेंट हेलेन्सचं उदाहरण मोलाचं आहे, पण ती राखेखाली गाडलेली जमीन होती. इथे पाण्याच्या नळ्या कुरतडल्या जातात, उतारावर पाणी बिळात शिरून माती सुटते. आणि जिवंत पकडून टेकडीवर सोडावं म्हटलं तर पकडलेला वन्यप्राणी परवानगीशिवाय दुसरीकडे सोडायला या राज्यात मनाई आहे.

@टेकडीवरचा, झिंक फॉस्फाइड साठत नाही हे मान्य. पण पोटातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की फॉस्फिन वायू तयार होतो. कुत्र्याने ते आमिष उकरून खाल्लं तर त्याला उतारा नाही. कुत्रा उलटी करतो तेव्हा तोच वायू जवळच्या माणसालाही बाधतो, म्हणून पशुवैद्य अशा कुत्र्याला मोकळ्या हवेत हाताळायला सांगतात. आमच्या सामाईक हिरवळीवर संध्याकाळी मुलं आणि कुत्री एकत्र खेळतात. उकरणं हा तर कुत्र्यांचा स्वभाव. बिळाचं तोंड बुजवलंय हा भरवसा मला पुरत नाही.

पाऊसवेडा (सिॲटल)

एक मूलभूत शंका. हिरवळीवरचे ढीग गोफरचेच आहेत हे समितीने तपासलंय का? आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दर वसंतात लोक गोफर गोफर करतात आणि निघतो मोल. मोल हा चिचुंद्रीचा दूरचा नातलग. तो गांडुळं आणि जमिनीतल्या अळ्या खातो, मुळं खात नाही. त्याचा ढीग गोल, आणि तोंड ढिगाच्या मधोमध. शिवाय पृष्ठभागालगतच्या बोगद्यांमुळे हिरवळीवर फुगीर रेघा उठतात, तशा गोफरच्या नसतात. धान्याचं आमिष मोलसाठी टाकणं म्हणजे पैसे मातीत. तो धान्य खातच नाही.

सापळ्यांबद्दल तुम्ही कॅलिफोर्नियावाले नशीबवान आहात. आमच्या वॉशिंग्टन राज्यात २००० सालच्या मतदानाने शरीर पकडणारे सापळे बंद झाले आणि त्यांत मोल-गोफरचेही आले. इथे दुकानात मिळतात म्हणून लोक सर्रास लावतात, तो भाग वेगळा. मी स्वतः मोलला हात लावत नाही. फावड्याने ढीग पसरवून टाकतो, ती माती कुंड्यांना उत्तम.

टेकडीवरचा

पाऊसवेडा, आमच्याकडे तपासलंय. कडेला तोंड असलेले ढीग आहेत, गोफरच. तुमचा मुद्दा योग्य आहे, प्रत्येक समितीने आधी हेच करावं.

कढीलिंब, कुत्र्याचा मुद्दा गंभीर आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. पण मग पर्याय द्या. सौरऊर्जेवर थरथरणाऱ्या त्या खुंट्या? आमच्याकडे अर्ध्या लोकांनी रोवल्यात आणि त्यांच्या बुडाशीच ढीग आलेत. च्युइंगम, लसूण, गोफर पळवणारी म्हणून विकली जाणारी झाडं, कशाचाही उपयोग नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कीडनियंत्रण पत्रिकाही हेच सांगते.

नारळीपोफळी (कुडाळ)

इकडून लिहितोय, थोडं वेगळं बोलतो. आमच्याकडे गोफर नाही, घूस आहे. नारळाच्या कोवळ्या रोपाचा कोंब पोखरते, सुरण-कणगं खाते, घराच्या जोत्याखाली बीळ करते. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो पसरतो. भातलावणीच्या दिवसांत पायाला जखम असलेला माणूस चिखलात उतरायला घाबरतो. त्यामुळे इथे कोणी मला सांगितलं की विष अजिबात नको, तर मी ऐकणार नाही. माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

तुमचा गोफर जन्म बिळात काढतो, घरात शिरत नाही. नुकसान होतं ते झाडांचं आणि हिरवळीचं. एवढ्यासाठी वर्षभराचं विषाचं कंत्राट मलाही जास्त वाटतं. पण शेवंतीताई, इथल्या शेतकऱ्याला 'मारायचंच कशाला' असं विचारू नका. धामण आणि गव्हाणी घुबड आम्ही जपतो, आणि तरीही घूस मारावी लागते.

शेवंती

नारळीपोफळी, तुमच्या शेतकऱ्याला मी ते विचारणारही नाही, रोगाची गोष्टच वेगळी आहे. माझा प्रश्न शोभेच्या हिरवळीपुरता आहे.

घुबडाचा विषय निघालाच आहे म्हणून: नापाच्या द्राक्षबागांत गव्हाणी घुबडांसाठी घरट्याच्या शेकडो पेट्या लावल्यात. हम्बोल्टच्या विद्यापीठातले संशोधक त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करताहेत. पिल्लं वाढवणारी एक जोडी हंगामात शेकड्यांनी गोफर आणि उंदीर टिपते. वसाहतीच्या टेकडीकडच्या कडेला एक पेटी लावायला काय हरकत आहे? मात्र त्याच वसाहतीत विष टाकायचं असेल तर पेटी लावूच नका. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातला तो पी-२२ नावाचा पहाडी सिंह आठवतो ना? २०१४ मध्ये तो खरजेने बेजार सापडला आणि त्याच्या रक्तात उंदीरनाशकाचा अंश निघाला. त्याच्या भक्ष्याने ते कुठे खाल्लं, कुणालाच सांगता आलं नाही.

कढीलिंब

पेटीचा प्रस्ताव मी ठरावात जोडते. पण घुबड फार लांबवर शिकार करतं, आपल्याच हिरवळीवर उतरेल असं नाही, त्यामुळे फक्त पेटीच्या भरवशावर राहणार नाही.

@टेकडीवरचा, तुमचा खरा प्रश्न 'कोण करणार' हा आहे आणि त्याचं उत्तर आहे. नुसते सापळे लावून देणारे परवानाधारक लोक इथे मिळतात. काही जण बिळात कार्बन मोनॉक्साइड सोडणारं यंत्र आणतात, तेही या राज्यात चालतं, आणि त्याने मेलेल्या प्राण्यात विष उरत नाही. ते घराच्या पायापासून दूरच वापरावं लागतं, म्हणून उताराच्या पट्ट्यात यंत्र आणि घरांजवळ सापळा. वर्षभर एकसारखं कंत्राटही नको. पावसाळ्यानंतर, जमीन ओली असताना, ताजे ढीग सहज दिसतात, तेव्हा जोर लावायचा. टेकडीवरून नवे येतात हे खरं, पण आमिष टाकलं तरी ते येणारच आहेत. विष टेकडीला कुंपण घालत नाही. कडेने दोन फूट खोल जाळी गाडली तर थोडा तरी अटकाव होईल. खर्च एकदाच.

खेळण्याच्या हिरवळीखाली मात्र विष नको, या एका मुद्द्यावर मी हटणार नाही.

टेकडीवरचा

सापळेवाल्याचे दर मागवतो. आमिषाच्या कंत्राटाच्या दीडपटीपर्यंत असेल तर समितीत मी स्वतः मांडेन, त्यापेक्षा जास्त असेल तर लोक मंजूर करणार नाहीत आणि मलाही ते योग्य वाटणार नाही. खेळाच्या हिरवळीपुरती तुमची अट मान्य. टेकडीलगतच्या उतारावर, जिथे कुत्रीही जात नाहीत, तिथे मी अजूनही आमिषाच्या बाजूने आहे.

शेवंती

तिथे कोल्हे जातात, लांडग्यासारखे कायोटी जातात. मी विरोधातच.

पाऊसवेडा

कढीलिंब, बैठकीआधी एक करा. सगळे ढीग पायाने सपाट करून टाका आणि दोन दिवसांनी जिथे नवे येतील तिथे झेंड्या रोवून फोटो काढा. चालू बिळं किती आहेत ते लोकांना डोळ्यांनी दिसेल, मग कंत्राट केवढं हवं ते ठरवणं सोपं जाईल.

कढीलिंब

हे उद्याच करते. फोटो इथे टाकेन.