पूर्व तिमोर: बंदूक विकणाऱ्याचे हात कोरडे कसे?

डार्विनकर

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई मूळच्या दिलीच्या. दिली म्हणजे पूर्व तिमोरची राजधानी, आमच्या डार्विनहून विमानानं दीड तासाच्या आत. गेल्या आठवड्यात चहा पिताना किसिंजरचं नाव निघालं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पाहुणे जाईपर्यंत थांबले होते ते." मला टोमणा वाटला. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, बाई तारीखवार खरं बोलत होत्या.

६ डिसेंबर १९७५. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्यासमोर बसलेत. तिमोरमधून पोर्तुगीजांनी काढता पाय घेतलाय, आणि आठवडाभरापूर्वीच, २८ नोव्हेंबरला, फ्रेटिलिन या डाव्या पक्षानं स्वातंत्र्य जाहीर केलंय. सुहार्तो म्हणतात, झटपट काहीतरी करावं लागेल. फोर्ड म्हणतात, आम्ही समजून घेऊ, दबाव आणणार नाही. किसिंजर त्याच्याही पुढे जातात: जे कराल ते लवकर फत्ते करा, आणि आम्ही परत पोचल्यावर झालं तर बरं. दुसऱ्या दिवशी पहाटे दिलीवर इंडोनेशियाचे छत्रीधारी सैनिक उतरले. हा वृत्तांत पूर्णपणे खुला व्हायला २००१ साल उजाडलं.

इंडोनेशियाच्या सैन्याचं सुमारे ९० टक्के साहित्य अमेरिकी होतं. ते फक्त स्वसंरक्षणासाठी वापरायचं, असा दोन देशांत करार होता. याचीही आठवण त्याच बैठकीत निघाली. किसिंजरचं उत्तर असं की, याला स्वसंरक्षण म्हणायचं की परदेशातली कारवाई, ते आपण अर्थ कसा लावतो त्यावर आहे. आपल्याकडचे वकीलही लाजतील.

पुढे २४ वर्षं इंडोनेशियाचा ताबा. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाचा हिशेब किमान १,०२,८०० मृत्यूंचा आहे, तेही सात लाखांच्या आतल्या लोकसंख्येत. त्यातले सुमारे ८४,२०० उपासमारीनं आणि आजारानं गेले. डोंगरात पळालेल्यांवर अमेरिकेच्याच ब्राँको विमानांतून हल्ले झाले. शेती सुटली, मग खाली आणून छावण्यांत कोंडलेली माणसं भुकेनं मेली. म्हणजे बहुतेक लोक गोळीनं मेलेच नाहीत, आणि म्हणून कुणाच्या बंदुकीच्या खात्यावर ते मांडलेही जात नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: पुरवठादाराच्या हातात नळ होता. १९९९ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याच्या सार्वमतानंतर दिली जळत असताना, क्लिंटननी ९ तारखेला लष्करी संबंध तोडले, ११ ला शस्त्रविक्री थांबवली, आणि १२ तारखेला जकार्तानं आंतरराष्ट्रीय फौजेला होकार दिला. चार दिवस! मग आधीची २४ वर्षं नळ का सोडून ठेवला?

साशंक

लेख चांगला, पण आजच्या चष्म्यातून १९७५ बघताय. एप्रिलमध्ये सायगाव पडलं होतं. इंडोनेशिया हातचा गेला तर आग्नेय आशियात उरलं काय? शिवाय तिमोरच्या उत्तरेची सामुद्रधुनी खोल आहे, पाणबुड्या हिंदी महासागरातून पॅसिफिकमध्ये न दिसता नेता येतात. अमेरिकी नौदलाला ती वाट उघडी हवी होती. अशा वेळी सहा-सात लाख लोकांसाठी १३ कोटींच्या देशाशी कोण वाकडं घेणार?

दुसरं, नळ बंद केला की शेजारचा दुकानदार टपून असतोच. १९९७ मध्ये अमेरिकी काँग्रेस मानवी हक्कांवरून कटकट करते म्हणून सुहार्तोंनी एफ-१६ चा सौदा मोडला आणि रशियाकडून सुखोई घेतो म्हणून जाहीर केलं. त्याआधीचे अध्यक्ष सुकार्नो, त्यांना भरभरून शस्त्रं देणारे सोव्हिएतच होते. तुम्ही नाही विकलं तर दुसरा विकतो, आणि तुमचा शब्द ऐकणाराही कुणी उरत नाही.

मांडवीकाठ

साशंक, "आजचा चष्मा" हे पालुपद आम्हा गोंयकारांना ऐकवू नका. सालाझारचा पोर्तुगाल हुकूमशाहीच होता, आणि १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सदस्यही. १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रातून आलेले कितीतरी होते. त्यानंतर चार महिन्यांच्या आत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालच्या मंत्र्यांसोबत निवेदन काढतात आणि त्यात आशियातल्या "पोर्तुगीज प्रांतांचा" उल्लेख करतात. आमचे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांच्यासाठी तो चष्मा आजचा नव्हता, तेव्हाचाच होता.

आणि तिमोर आम्हाला परका नाही. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातूनच चालायचा.

साशंक

बरं झालं गोव्याचा विषय तुम्हीच काढलात. १२ डिसेंबर १९७५, संयुक्त राष्ट्रांची आमसभा. इंडोनेशियानं सैन्य मागे घ्यावं असा ठराव. ७२ बाजूनं, १० विरोधात. त्या दहांत भारत होता! अमेरिका तटस्थ राहिली, आपण चक्क विरोधात गेलो. आता सांगा, हात फक्त पाश्चिमात्यांचेच ओले का?

खिडकीतला

पॉपकॉर्न आणले. धाग्याचं काश्मीर होण्याआधी कुणीतरी डार्विनकरांना पाणी द्या.

डार्विनकर

पाणी नको, उत्तर देतो. मत दिलं हे खरं, आणि मला ते शरमेचं वाटतं. १९६१ मध्ये गोवा घेतला तेव्हा पाश्चात्त्यांनी आपल्याला आक्रमक ठरवलं होतं, सोव्हिएत नकाराधिकारानं आपण सुटलो. पुढे इंडोनेशियानं तिमोरला गोव्याच्या ओळीत बसवलं: पोर्तुगालचं उरलेलं ठिगळ, शेजाऱ्यानं काढलं तर बिघडलं काय? त्याला विरोध केला तर स्वतःच्याच दाव्याला सुरुंग, असं दिल्लीला वाटलं असावं. हा माझा तर्क, पण मला दुसरं कारण दिसत नाही.

तरी हात वर करणं आणि विमानं पाठवणं यांत फरक आहे, असं मी म्हणेन. भारताच्या मतानं डोंगरावर बॉम्ब पडले नाहीत.

मांडवीकाठ

गोवा आणि तिमोर एका ओळीत? गोव्यात ४८ तासांत आटोपलं, आणि नंतर गोव्यानं मतपेटीतून सरकारं निवडली. १९६७ मध्ये तर महाराष्ट्रात जायचं नाही हेही मतपेटीतूनच सांगितलं (इथले काही मित्र अजून रुसलेत, असो). तिमोरला मतपेटी मिळाली ती १९९९ मध्ये, आणि ७८.५ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला. मग त्यांची घरं जाळली. ही तुलना इंडोनेशियाच्या सोयीची होती, आपण तिला भुलायला नको होतं.

रोजनदार

मी वेगळं बोलतो, शिव्या खाईन. ब्रिटननं इंडोनेशियाला हॉक विमानं विकली, पहिला सौदा १९७८ मध्ये, मजूर पक्षाच्याच सरकारनं. लँकेशायरमधल्या कारखान्यात ती जोडली जायची. तिथला फिटर कर्ज फेडतो, मुलं शिकवतो. नैतिकतेचं बिल नेहमी त्याच्याच ताटात का? विक्रीचा परवाना मंत्र्याच्या सहीनं निघतो आणि टाळं लागतं ते कारखान्याला. हे मी स्वतः संरक्षण साहित्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यामुळे बोलतोय. आमच्या पेटीवर पत्ता लिहिलेला असायचा, पुढे काय होतं ते कुणी आम्हाला विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

डार्विनकर

रोजनदार, शिव्या नाहीत. तुमचा शेवटचा अर्धा ओळीचा कबुलीजबाब या सगळ्या धाग्यापेक्षा मोठा आहे. त्याच लँकेशायरमध्ये, वॉर्टनला, १९९६ च्या जानेवारीत तीन बायका हातोडे घेऊन शिरल्या आणि इंडोनेशियाला जाणाऱ्या एका हॉकची नासधूस केली. बेतात सामील असलेली चौथीही नंतर पकडली गेली. नुकसान १५ लाख पौंडांच्या घरात. आम्ही मोठा गुन्हा थांबवत होतो, असा बचाव केला आणि लिव्हरपूलच्या ज्युरीनं चौघींना निर्दोष सोडलं. ज्युरी म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच बारा जण. त्यांना ते पटलं, पण लंडनला पटलं नाही. पुढच्याच वर्षी परराष्ट्र धोरणात नैतिकता आणू म्हणणारे रॉबिन कुक मंत्री झाले, विरोधात असताना याच हॉकवरून संसदेत बोललेले. उरलेली विमानं त्यांच्याच काळात गेली.

साशंक

हातोड्याची गोष्ट भारी. पण तुमच्या नळाला भोक आहे, ते दाखवतो. १९९१ च्या नोव्हेंबरात दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत इंडोनेशियाच्या सैन्यानं गोळीबार केला. चित्रफीत थडग्यात लपवून मग बाहेर नेली, जगानं पाहिली. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं लष्करी प्रशिक्षणाचा निधी तोडला. काय झालं? काही नाही, आणखी सात वर्षं तसंच. १९९९ ला चार दिवसांत झालं कारण सुहार्तो आधीच पडले होते, १९९७-९८ च्या आर्थिक संकटात इंडोनेशियाचा रुपिया गडगडला होता, आणि जकार्ता नाणेनिधीच्या दाराशी उभं होतं. सावकार दारात असताना कुणीही ऐकतो. श्रेय नळाला देऊ नका.

डार्विनकर

हे मान्य. "चार दिवस" लिहिताना मी मागची दोन वर्षं गाळली, ते चुकलं. पण १९९२ ला नळ बंद झाला नव्हता, एक तोटी बंद केली होती. प्रशिक्षण थांबलं, विमानं चालूच राहिली. आणि १९७५-७६ ला तर इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी कर्जात बुडाली होती, सावकार तेव्हाही दारात होताच. तेव्हा कुणी विचारलंच नाही.

मांडवीकाठ

+१. ऑस्ट्रेलियाबद्दल मात्र तुम्ही चुप्प, डार्विनकर. १९७९ मध्ये तिमोरवरचा इंडोनेशियाचा ताबा कायदेशीर मानला, आणि १९८९ मध्ये समुद्रातलं तेल वाटून घ्यायचा करार करून दोन्ही मंत्र्यांनी विमानात, तिमोरच्याच समुद्रावर, शॅम्पेन प्यायली. मीठ तुम्ही तिथलं खाता म्हणून का?

डार्विनकर

टोला बसला. खातो.

साशंक

शेवटचं विचारतो. म्यानमारमध्ये २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली. त्यानंतर तिकडे भारतातल्या कंपन्यांकडून, सरकारीसुद्धा, ५.१ कोटी डॉलरचं साहित्य गेलं असं संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाचा २०२३ चा अहवाल म्हणतो. रशिया-चीन यांच्या तुलनेत किरकोळ, आणि ईशान्येची सीमा, बंडखोर, चीनची बंदरं ही कारणं आपल्याकडेही आहेत. तुमचा नियम इथे लावणार, की इथे सामुद्रधुनी खोल आहे?

डार्विनकर

लावणार.

रोजनदार

मग त्या पेट्यांवरचा पत्ता कुणी वाचायचा, तेही सांगा.