गवत्या माशाच्या पोटात पांढऱ्या फिती. शेततळ्याचं पाणी ओढ्याला सोडू का?

मोहोळचा शेतकरी:
शेततळ्यात कटला, राहू होतेच. गेल्या पावसाळ्यात गाडीवर विकायला आलेली गवत्याची (ग्रासकार्प) बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेतली. आता गवत्या अंगानं वाळलेत आणि पोट टम्म. एक चिरला तर पांढऱ्या चपट्या फिती निघाल्या. बारके राहूपण मरायलेत. तळं उपसून पाणी ओढ्याला काढावं म्हणतो, ओढा पुढं सीना नदीला मिळतो. चालेल का? आणि हे मासे खाल्ले तर?

उजनीकाठ, करमाळा:
दादा, सोडू नका. आमच्या जाळ्यात बघा, चिलापीच (तिलापिया) चिलापी. बाहेरची जात एकदा मोठ्या पाण्यात शिरली की कुणाच्या बापाला निघत नाही.

मत्स्यशास्त्राचा मास्तर, सोलापूर:
भाऊ, आधी एक सांगा. फिती आतड्याच्या आत होत्या, की पोटाच्या पोकळीत मोकळ्या? मोकळ्या असतील तर तो बगळे-पाणकावळ्यांकडून येणारा वेगळा जंत. आतड्यात असतील तर मला आशियाई फीतकृमीचा संशय येतो.

हा मूळचा पूर्व आशियातला. १९३४ साली जपानमध्ये त्याचं वर्णन झालं आणि गवत्याच्या पोटात बसून तो युरोप-अमेरिकेत पोचला. आपल्याकडं गवत्या १९५९ साली आणला. आज हा जंत दोनशेहून जास्त जातींच्या माशांत सापडतो. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनजवळच्या लिटल कोलोरॅडो नदीतल्या हम्पबॅक चब या दुर्मीळ माशात तो १९९० मध्ये दिसला, आणि त्या नदीत गवत्या कुणी मुद्दाम सोडलेलाही नव्हता!

कसा पसरतो ते नीट बघा. माशाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी सायक्लॉप्स (पाण्यातला ठिपक्याएवढा जीव) खातो, आणि तो सायक्लॉप्स मासा गिळतो. पूर्वी विहिरीच्या पाण्यातून नारू पसरवायचा तोच हा सायक्लॉप्स, गाळून प्यायला सांगायचे तो. आपल्या प्रत्येक तळ्यात, ओढ्यात तो आहे. म्हणजे जंताला नवीन गावात वाहन आयतंच मिळतं. पाणी २५ अंशांपुढं गेलं की वाढही झपाट्यानं होते, आणि सोलापूरचा उन्हाळा काय सांगू! पिल्लांचं आतडं तुंबतं म्हणून बारके आधी जातात.

जाळी लावून पाणी सोडलं तरी अंडी जातातच. म्हणून कळकळीनं सांगतो, ओढ्याला एक थेंबही नको. सीनेतली बारकी देशी मासळी बहुतेक कार्प कुळातली, या जंताला नेमकी तीच मानवते.

मोहोळचा शेतकरी:
आतड्यातच होत्या सर, पुढच्या टोकाला गुंतून बसलेल्या. मग पाणी कुठं काढू?

मत्स्यशास्त्राचा मास्तर, सोलापूर:
उसाला द्या, पण शेताबाहेर वाहू देऊ नका. तळ कडक उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवा, मग चुना. मेलेले मासे खोल पुरा. बाकीचे खायला हरकत नाही, आतडी काढून नीट शिजवा; माणसात हा वाढत नाही.

पुढचं मत्स्यबीज खात्रीच्या केंद्रातून घ्या आणि आधी वेगळ्या टाकीत ठेवा. गाडीवाल्याच्या ड्रममधलं पाणी तळ्यात ओतू नका, सायक्लॉप्स त्यातूनही येतो. मिठाच्या पाण्यात बुडवून काढलं तर अंगावरच्या उवा पडतात, पोटातला जंत नाही. त्याचं औषध मत्स्य अधिकाऱ्यांना विचारूनच द्या.

नमुना घेऊन येणार असाल तर मासा मेल्यावर लगेच बर्फात घाला. मऊ पडला की जंताचं डोकं तुटतं, आणि ओळख डोक्यावरूनच पटते.