४ ओहम, ८४ डीबीचे टॉवर स्पीकर: कुठला अ‍ॅम्प्लिफायर पेलेल?

नमस्कार मंडळी,

टॉवर स्पीकरची एक जुनी जोडी हाती लागली आहे. आवाज फार गोड आहे, पण माझ्या एव्ही रिसीव्हरला (होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरला) ती झेपत नाही. हळू ऐकलं तर तक्रार नाही. जरा आवाज चढवला की डग्ग्याची घुमक जाऊन नुसतं ठप्प ठप्प उरतं, आणि द्रुत रंगात आली की रिसीव्हर टक्कन बंद! थोडा गार झाला की पुन्हा सुरू. वायरी तपासल्या, कुठे शॉर्ट नाही. छोटे बुकशेल्फ स्पीकर लावले तर हाच रिसीव्हर तासन्‌तास निवांत चालतो.

स्पीकर: सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला किती मोठा वाजतो) ८४ डीबी (२.८३ व्होल्टला, १ मीटरवर), नॉमिनल इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) ४ ओहम. आलेखात मात्र १०० हर्ट्झच्या आसपास इम्पीडन्स २.९ ओहमपर्यंत उतरतो आणि त्याच्या जरा अलीकडेच फेज (व्होल्टेज आणि करंट यांतलं मागे-पुढे) उणे ४० अंश आहे. म्हणजे करंटची मागणी नुसत्या ओहमच्या आकड्यावरून वाटते त्याहून जास्त.

माझा हिशोब असा: ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमसारखा १ नव्हे, २ वॅट. बसायची जागा ३ मीटरवर. दोन स्पीकर आणि खोलीची भर धरून तिथे २ वॅटला साधारण ८० डीबी मिळतील. एखादा ठोका १०० डीबीपर्यंत न्यायचा तर (दर १० डीबीला दहापट) शंभरपट, म्हणजे २०० वॅट. रिसीव्हरवर ८ ओहमला ९० वॅट लिहिलंय, ४ ओहमचा रकाना कोराच. मागे ४ ओहमचं बटण आहे, पण ते व्होल्टेज आवळून गरम होणं टाळतं, ताकद काही वाढवत नाही.

दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत:
क) क्लास एबी (पारंपरिक रचनेचा) इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर एकाच डब्यात), ८ ओहमला ८० आणि ४ ओहमला १५० वॅट
ख) रिसीव्हरच्या प्री-आउटला (बाहेरच्या पॉवर अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणाऱ्या जोडणीला) क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) पॉवर अ‍ॅम्प, ४ ओहमला २५० वॅट

व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) अ‍ॅम्पचा मोह आहे, पण या स्पीकरवर नको असंच वाटतं. तुम्ही काय घ्याल? आणि स्टिरिओ पॉवर अ‍ॅम्प ब्रिज करून (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवून) चालेल का?

प्रतिसाद:

ब्रिज अजिबात नको. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच लोड दिसतो, तुमचे २.९ ओहम त्याला दीडच्या आत वाटतील.

१५० आणि २५० मधला फरक जेमतेम २ डीबीचा, त्यावर निर्णय घेऊ नका. (क) मध्ये ८० चे १५० होतायत, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये दम आहे. दोन्हींच्या माहितीपत्रकात २ ओहमचा आकडा किंवा निदान '२ ओहमला स्थिर' असं लिहिलंय का ते बघा. (ख) मध्ये फीडबॅक (चूक सुधारायला परत घेतलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या नंतर घेतलाय का तेही विचारा, नाहीतर वरच्या पट्टीचा तोल स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे बदलतो.

व्हॉल्व्हबद्दल बरोबर आहात. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असला की स्पीकरच्या इम्पीडन्सच्या आलेखातले चढउतार थेट आवाजात उमटतात.

बाकी, सेन्सिटिव्हिटी कमी म्हणजे करंट जास्त असं समीकरण नाही हं. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बघा, ८३ डीबीच्या आसपास, पण मूळचा १५ ओहमचा. त्याला वॅट लागतात, करंटची ओढ नाही. तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकत्र आहेत.

रिसीव्हरला प्री-आउट आहेच, तर मी (ख) घेईन. घरी आणून, जिथे रिसीव्हर बंद पडतो तीच द्रुत त्याच आवाजात लावून बघायला मिळत असेल तरच.