ई-२० पेट्रोलमुळे गाडीचा खर्च खरोखर कमी होतो का?

वारणाकाठ:
माझ्याकडे २०१९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘ई-१०’ (१० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) असे छापलेले आहे; पंपावर मात्र आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. सांगली-मिरज अशी रोजची ये-जा धरून महिन्याला साधारण हजार किलोमीटर होतात. पूर्वी लिटरला १६ किलोमीटरचे ॲव्हरेज मिळत असे, आता ते १५.२ वर आले आहे. आमचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे इथेनॉलला माझा विरोध नाही. उसाची बिले वेळेवर निघावीत, यासाठी ते हवेच आहे. मात्र त्यातून होणारी बचत माझ्या खर्चाच्या वहीत कुठेही दिसत नाही. काही पंपांवर ई-१००, म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉल मिळते असे वाचले. ते निम्मे-निम्मे मिसळले तर चालेल का?

इंजिनघर:
बचत लिटरच्या दरावर नव्हे, किलोमीटरमागे पडणाऱ्या पैशावर मोजावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कमी. हा हिशेब मिश्रणाला लावला, तर ई-१० वरून ई-२० वर आल्यावर लिटरमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी मिळते. तुमच्या १६ चे त्यामुळे साधारण १५.४ व्हायला हवेत; त्याखालची घट टायरमधली हवा, एसी किंवा एअर फिल्टर यांत शोधावी.

आता पैशाचे पाहू. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर १६ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे ६.५० रुपये पडतात आणि १५.२ ला ६.८४, म्हणजे तुम्हाला महिन्याला सुमारे ३४० रुपये जास्त लागत आहेत. ई-२० निदान पावणेचार रुपयांनी स्वस्त असते, तरच ते ई-१० च्या बरोबरीला आले असते. तसे ते मिळत नाही, कारण इथेनॉलच स्वस्त राहिलेले नाही: २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांसाठी सी-हेवी मळीच्या (साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या मळीच्या) इथेनॉलचा दर लिटरला ५७.९७ रुपये होता, तर मक्यापासूनच्या इथेनॉलचा ७१.८६ रुपये. हे दर करांशिवायचे आहेत, पेट्रोलच्या १०४ रुपयांत मात्र कर धरलेले आहेत. परकीय चलन वाचते, कारखान्यांना बाजार मिळतो, हे फायदे खरे आहेत. पण ते देशाच्या खात्यात जमा होतात, गाडीवाल्याच्या नव्हे, आणि हे लोकांना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

ई-१०० मात्र कृपया मिसळू नका. पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावे लागते. फ्लेक्स-फ्युएल (इथेनॉलच्या कोणत्याही प्रमाणावर चालणारी) नसलेल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंधनाचे इंजेक्शन एका मर्यादेपर्यंतच वाढवू शकतो. त्यापुढे मिश्रण पातळ पडते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), चेक इंजिनचा दिवा लागतो आणि सकाळी थंड इंजिन लवकर सुरू होत नाही.

गॅरेज_मिरज:
वरील हिशेबाशी मी सहमत आहे. भर एवढीच घालतो की जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि ओ-रिंग प्रत्येक सर्व्हिसिंगला हाताने दाबून पाहावेत. मागच्या आठवड्यात एक जुनी मोटारसायकल आली होती. तिच्या कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर साचला होता आणि वरचे रबर फुगून मऊ झाले होते. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल पडून राहू देऊ नये. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास सहसा होत नाही.

साओपावलोकर:
मी नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये राहतो. इथे २००३ पासून फ्लेक्स गाड्या विकल्या जातात आणि पंपावर दोन्ही दर शेजारी-शेजारी लावलेले असतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच लोक इथेनॉल भरतात. ग्राहकाला ही निवड असल्यामुळेच येथे बचत शक्य होते.

वारणाकाठ:
सर्वांचे आभार. टायरची हवा तपासली, तर ३३ ऐवजी चारही टायरमध्ये २७-२८ निघाली. ती भरून, त्याच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरून दोनदा मोजले, ॲव्हरेज १५.३ आणि १५.५ आले. ई-१०० चा विचार सोडला आहे आणि रबरी पाइप पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवणार आहे.